आत्या पॅसेंजरचा शेवटचा पंधरवडा

९ जानेवारी

आज बाई घरी आल्या होत्या. बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावातल्या अर्ध्या बायकांचं शुद्धलेखन त्यांनी सुधारलंय आणि उरलेल्या अर्ध्या त्यांना बघून अजून पदर नाही तर पाठ सरळ करतात.

जुन्या स्टेशनात आपल्या छोट्या लाइनचं संग्रहालय होणार आहे. पत्रे बदलून झाले, तिकीटखिडकी घासूनपुसून बसवली. उद्घाटन १८ एप्रिलला. त्या दिवशी लोकांच्या हातात द्यायला साठेक पानांची पुस्तिका हवी, लाइनचा इतिहास.

"तुम्ही लाइन ऑफिसात बारा वर्षं काढलीत. तुम्हीच लिहायचं," बाई म्हणाल्या.

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हणायला हवं होतं. तेवढ्यात ही चहा घेऊन बाहेर आली आणि माझ्या वतीने सांगून मोकळी झाली, "लिहितील. सगळं तोंडपाठ आहे यांना." बायकोच्या चेहऱ्यावर आपल्याबद्दल एवढं कौतुक या वयात फारसं दिसत नाही. मी विरघळलो.

बाई जाताना म्हणाल्या, रोज थोडं काहीतरी लिहीत जा, हात सुटेल. म्हणून ही वही.

१६ जानेवारी

नावांचं प्रकरण झालं. मजा आली.

बावन्न किलोमीटरची लाइन, अरुंद रूळ, अकरा स्टेशनं. एका खासगी कंपनीने लाकूड आणि चुनखडी डोंगरातून खाली आणायला बांधली. माणसं आधी लाकडांवर बसून यायची, मग त्यांच्यासाठी फळ्यांचे बाक आले. कंपनीच्या पहिल्या मॅनेजरला नावांचा भारी षोक. सकाळच्या गाडीला त्याने नाव ठेवलं 'विद्युल्लता'. इंजिनाला पितळी पाटी. वेळ मात्र साडेतीन तास. चढावर पुढच्या डब्यातला माणूस उतरायचा, झुडपाआड जाऊन यायचा आणि सावकाश मागच्या डब्यात चढायचा. दुपारच्या मिश्र गाडीचं नाव 'गजगामिनी', ते निदान खरं होतं. संध्याकाळची 'तारका'.

लोकांनी विद्युल्लतेला 'आत्या' केलं. दारोदार थांबते, सगळ्यांची विचारपूस करते, ज्याचा त्याचा डबा आणि निरोप पोहोचवते आणि सांगितल्या वेळेला कधी येत नाही, म्हणून. "आत्या आली का?" "आत्या रुसलीय, पाणी पाजतायत." एका स्टेशनमास्तराने तर रजिस्टरात 'आत्या चाळीस मिनिटं उशिरा' असं लिहिलं होतं आणि वरून खुलासा मागवला गेला तेव्हा त्याने उत्तर दिलं होतं, 'विद्युल्लता लिहीपर्यंत गाडी सुटते.' पुढे छापील वेळापत्रकातही 'विद्युल्लता ऊर्फ आत्या' असं येऊ लागलं.

हिला वाचून दाखवलं. पोट धरून हसली. हिचं माहेर लाइनच्या शेवटच्या गावी. म्हणाली, "शनिवारी सकाळी आत्यात बसलं की जेवायला आईकडे. गाडी गेली आणि आईचं तोंड दिसायचं ते चार-चार महिन्यांनी." मग म्हणाली, "दादाने सही करायला नको होती."

दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. आत्याचा गार्ड. हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकतोय. ही भावाशी बोलत नाही, त्यालाही जवळजवळ एवढीच वर्षं झाली.

मी चष्मा पुसत बसलो. पुसायला काही नव्हतं.

२ फेब्रुवारी

विभागीय कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन आलो. तिथली रेकॉर्डकीपर तरुण मुलगी आहे, धुळीसाठी तोंडाला फडकं बांधून काम करते. तिने चार गठ्ठे आणून ठेवले. इंजिनांची, पुलांची, अपघातांची कागदपत्रं. चौथा गठ्ठा लाइन बंद करण्याचा. तो तिथे असणार हे मला माहीत होतंच.

बंद करण्याआधी पंधरवडाभर प्रवाशांची मोजणी करण्यात आली. आकडे कमी धरले गेले. रोज सरासरी एकोणीस प्रवासी नोंदवण्यात आले. त्या आधारे शिफारस करण्यात आली. मोजणी वाहतूक कार्यालयाची. चौदाही तक्त्यांखाली प्रमाणित म्हणून गार्डाची सही.

ती मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. "काका, काय सुंदर अक्षर आहे हो. आणि गंमत बघा, चौदा दिवसांचे तक्ते, पण शाई एक, पेन एक. एका बैठकीत लिहिल्यासारखे."

"कारकुनांची अक्षरं अशीच असतात," मी म्हटलं.

"कॉपी काढून देऊ?"

"नको. पुस्तिकेत तक्त्यांना जागा नाही."

येताना पायऱ्यांवर पाय अडखळला. वयोमान.

११ फेब्रुवारी

लाइनवरच्या सहाव्या गावी गेलो होतो, जुन्या प्रवाशांच्या आठवणी गोळा करायला. तिथे एक शिंपीण आहे. खिडकीपाशी मशीन, भिंतीवर अर्धवट शिवलेले कपडे. गाडी बंद झाली तेव्हा सतरा वर्षांची होती, कॉलेजचं पहिलं वर्ष.

"आम्ही चौदा मुली होतो आत्याने जाणाऱ्या. शेवटच्या डब्यात बसायचो, गार्डाच्या डब्याला लागून. गार्डमामा लक्ष ठेवायचे म्हणून घरचे पाठवायचे. बस सुरू झाली ती कॉलेज सुटल्यावर दोन तासांनी. चौदातल्या अकराजणी घरी बसल्या. माझे वडील म्हणाले, शिवण शीक." तिने सुईत दोरा ओवला. "शिकले."

मी लिहून घेत होतो.

"आणि सही कुणी केली? त्याच गार्डमामांनी. तक्त्याची प्रत स्टेशनच्या भिंतीवर चिकटवली होती आंदोलनवाल्यांनी. एकोणीस प्रवासी! अहो, आम्ही मुलीच चौदा होतो. त्यानंतर तो माणूस हॉटेलात आला की बाक रिकामं व्हायचं. माझ्या वडिलांनी त्याचा कोट शिवायला नाही म्हटलं. मीसुद्धा त्याला बघून रस्ता बदलायचे."

मी मान हलवली. मान हलवली!

"खरं तर नीट मोजायला कुणी आलंच नव्हतं. पहिले तीन दिवस एक चष्मेवाला कारकून फिरत होता डब्यातून. मिशा होत्या त्याला. नंतर दिसलाच नाही."

मी मिशा काढल्या त्याला पंचवीस वर्षं झाली.

चहा दिला तिने. निघालो तर म्हणाली, "थांबा काका, बटण लोंबतंय तुमचं." आणि मी उभा असतानाच, अंगावरच्या शर्टाचं बटण शिवून दिलं. दोरा दातांनी तोडताना तिचं डोकं माझ्या छातीशी होतं. मी श्वास रोखून उभा राहिलो.

१३ फेब्रुवारी

तो शर्ट धुवायला टाकला.

२६ फेब्रुवारी

बाईंनी सहावं प्रकरण, म्हणजे लाइन बंद होण्याचं, पेन्सिलीने रंगवून परत आणलं.

"हे काय आहे?"

"सहावं प्रकरण."

"'मोजणी करण्यात आली.' 'आकडे धरले गेले.' 'शिफारस करण्यात आली.' एका पानात अकरा कर्मणी वाक्यं मोजली मी. कर्ता कुठे पळाला?"

"सरकारी भाषा असते, बाई."

"आधीची चाळीस पानं तुमच्या भाषेत आहेत. झुडपाआड जाणारा माणूससुद्धा मला दिसला. हेच पान तेवढं सरकारी कसं झालं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पानं टेबलावर ठेवून, ही आत होती तिला भेटून गेल्या. काय बोलल्या दोघी, कोण जाणे. हिने सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी

कर्ता मी.

लिहून बघितलं. अक्षर अजून चांगलं येतं.

तेव्हा मी छत्तीस वर्षांचा. वरच्यांना लाइन जड झाली होती. साहेबांनी बोलावून सांगितलं, पंधरवडाभर आत्याने फिरायचं आणि प्रवासी मोजायचे. मग दार लोटून म्हणाले, "आकडा विसाच्या आत दिसला तर फाइल पटकन हलेल. तूही हलशील." मुख्य कार्यालयात बढतीची एक जागा होती, तिची खात्याची परीक्षा त्याच महिन्यात. मी तीन दिवस गाडीत फिरलो. रोज दोनशेच्या आसपास माणसं. चौथ्या दिवशी सकाळी फलाटावर दादांना म्हटलं, "ऑफिसात काम निघालंय. तुम्ही या तक्त्यांवर सह्या करून ठेवा, आकडे मी रोज संध्याकाळी तुमच्याकडून घेईन."

कोऱ्या चौदा तक्त्यांवर त्यांनी पेटीवर वाकून सह्या केल्या. एकदाही विचारलं नाही. बहिणीचा नवरा होतो मी.

पंधरवडा संपला त्या दुपारी टेबलाशी बसून मी चौदाही भरले. सतरा, एकवीस, एकोणीस, अठरा. खरे वाटावेत म्हणून एका दिवशी सव्वीस लिहिले. परीक्षेचं पुस्तक शेजारी उघडं होतं.

पास झालो. हललो.

५ मार्च

दादांकडे जाऊन आलो. संग्रहालयासाठी वस्तू मागायच्या, हे निमित्त. दोन बसा बदलाव्या लागतात. विद्युल्लतेपेक्षा दहा मिनिटं कमी.

चौऱ्याहत्तर वर्षांचे झालेत. वहिनी गेल्या सहा वर्षांपूर्वी. तेव्हा मी एकटाच जाऊन आलो होतो, ही आली नव्हती. आता एकटेच राहतात, खुर्च्यांना वेत विणून देतात. अंगणात बिनबुडाच्या सात-आठ खुर्च्या मांडलेल्या.

"या भाऊजी." हातातला वेत बाजूला ठेवला. "ती नाही आली?"

"गुडघे दुखतात तिचे."

"डावा?"

"डावाच जास्त."

"लहानपणी त्याच गुडघ्यावर पडली होती. जपायला सांगा. खाली बसू देऊ नका."

मग त्यांनी शिटी दिली, हिरवं आणि लाल निशाण दिलं, घड्या अजून कडक. आणि एका पेटीतून खिशात मावतील अशा वह्या काढल्या, पंचवीस-तीस तरी असतील. गाडीच्या रोजच्या नोंदी, स्वतःसाठी ठेवलेल्या. "घेऊन जा. उपयोगाच्या वाटल्या तर लावा तिथे. नाही वाटल्या तर राहू द्या तुमच्याकडे."

तक्त्यांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. वयामुळे जुनं विसरले असावेत, किंवा तेव्हाही त्यांना नीट उमगलं नसेल. मुळात अबोल माणूस.

बसथांब्यापर्यंत सोडायला आले. बाकावर दोघे बसले होते. आम्ही पोहोचलो तसा एकजण उठून लांब जाऊन उभा राहिला. जागा रिकामी झाली तरी दादा बसले नाहीत. मला म्हणाले, "तुम्ही बसा. मला उभं राहायची सवय आहे."

८ मार्च

त्या पंधरवड्याची वही सापडली.

रोजची सुटायची वेळ, उशीर, डबे, माल. आणि प्रवासी. २११, १९८, २०७. चौथ्या दिवशी बारीक अक्षरात: 'भाऊजी आज नाहीत. आकडा विचारतील म्हणून मांडून ठेवला आहे.' पाचव्या दिवशी: 'विचारला नाही.' सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी फक्त आकडा. असं चौदाव्यापर्यंत.

त्यानंतर बरीच पानं काही नाही. मग ज्या दिवशी तक्ते भिंतीवर लागले त्या तारखेला एक ओळ: 'भिंतीवर पाहिले. बहिणीला काही कळू द्यायचे नाही.'

उमगलं नसेल, असं मी तीन दिवसांपूर्वी इथेच लिहिलंय. ते पान फाडावंसं वाटतंय. राहू दे.

अजून एक गोष्ट मी लिहिलेली नाही. टाळत होतो. तक्ते भिंतीवर लागले तेव्हा ही धावत घरी आली होती, "दादाची सही कशी? त्याने असं का केलं?" म्हणून रडत होती. मी जेवत होतो. तेव्हा मी म्हटलं, "हेड ऑफिसने परस्पर केलेलं दिसतंय. पण दादांनी सही करायला नको होती."

ते वाक्य माझं आहे. ही एकतीस वर्षं माझंच वाक्य मला ऐकवतेय.

२० मार्च

आज सांगायचंच, असं ठरवून स्वयंपाकघरात गेलो. ही पाठमोरी होती. मी म्हटलं, "गॅस संपत आलाय का?"

"परवाच बदललाय," ही म्हणाली.

हे असं गेल्या बारा दिवसांत चौथ्यांदा. एकदा पंख्याबद्दल बोललो, एकदा थोरल्या मुलीच्या फोनबद्दल, एकदा नुसताच पाणी पिऊन आलो. बाई छापखान्यात पानं पाठवायला निघाल्यात, सहावं प्रकरण मागतायत. जुनंच द्यावं, दोन कर्मणी कमी करून, असंही मनात आलं. लिहून ठेवतो, कारण आलं.

२४ मार्च

सांगितलं.

ही दुपारी इस्त्री करत होती. मी दारात उभा राहून म्हटलं, "त्या तक्त्यांवर सही दादांची आहे. आकडे माझे आहेत."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. परीक्षा, साहेब, कोरे कागद. हिने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं. मी वही पुढे केली. ती उभ्यानेच वाचत राहिली. शेवटची ओळ आली तेव्हा तिचं बोट तिथे थांबलं.

"आई गेली त्या दिवशी," ती म्हणाली, "दारात, सगळ्या लोकांसमोर मी त्याला म्हटलं, तू सही केलीस म्हणून मला आई भेटली नाही. तो काही बोलला नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत होता. मला वाटलं, शरमेने नजर देत नाही." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही कुठे उभे होतात तेव्हा?"

"तुझ्या मागे."

ती खुर्चीत बसली. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणता आलं असतं.

मग उठून पिशवी भरली.

"मी येतो सोडायला."

"तुम्ही बसा."

इस्त्री केलेल्या कपड्यांत माझे तीन शर्ट होते. ते तिने घडी करून माझ्या कप्प्यात ठेवले आणि मगच गेली.

२९ मार्च

सहावं प्रकरण पुन्हा लिहिलं. दीड पान झालं. बाईंच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी माझ्यासमोरच वाचलं, एकदा संपवून पुन्हा सुरुवातीपासून. चष्मा काढला.

"आता मराठी झालं," म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, "तुम्हाला मी चांगला माणूस समजत होते. आता काय समजायचं ते मला ठरवावं लागेल. छापायला पाठवते."

"बाई, उद्घाटनाला हे पान मी वाचू का?"

"वाचावंच लागेल. नाहीतर लोक चित्रं बघून पुस्तिका बाजूला ठेवतात."

घरी आलो. दोन माणसांचा भात केला, सवयीने. दोन्ही वेळा तोच खाल्ला.

२ एप्रिल

ही आली होती. दोन तास. औषधं आणि जाड चादर न्यायला.

मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. "दारात उभी राहिले. आत जायची हिंमत होत नव्हती. तो म्हणाला, पायरी उंच आहे, हात दे. एवढंच. मी माफी मागायला लागले तर म्हणाला, आधी गुडघ्याला शेक दे."

तिने चादर घडी करून पिशवीत घातली.

"मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, सांगितलं असतं तर तुला दोघांतला एक खोटा ठरवावा लागला असता. तुला ज्याच्याबरोबर राहायचं होतं तो खरा राहू दिला."

मी भिंतीकडे बघत होतो.

"माझ्याबद्दल काही..."

"नाही. मीही विचारलं नाही." दारापाशी जाऊन थांबली. "एकतीस वर्षं मी त्याला दूर ठेवलं, त्यात तुमचा हात आहे. पण तोंड माझं होतं. ते मला फेडायचंय. तुमचं तुम्ही बघा."

१८ एप्रिल

संध्याकाळचे सहा वाजलेत. सगळं क्रमाने लिहितो.

स्टेशनात शंभरेक खुर्च्या मांडल्या होत्या. लाइनवरच्या सगळ्या गावांतून माणसं आली. ही आणि दादा तिसऱ्या रांगेत. दादांनी जुना काळा कोट घातला होता, कोपराला विरलेला. हिच्या शेजारी बाया बसल्या. दादांच्या पलीकडच्या चार खुर्च्या मात्र रिकाम्याच राहिल्या, मागे लोक उभे होते तरी.

भाषणं झाली. मग बाईंनी माझं नाव पुकारलं.

मी दीड पान वाचलं. "तक्ते मी भरले. सह्या मी कोऱ्या कागदांवर घेतल्या. गार्डांनी रोज खरे आकडे मांडून ठेवले होते, मी ते विचारले नाहीत. त्यांच्यावर दोष आला तेव्हा मी गप्प बसलो, आणि घरात त्यांना दोष देणारं पहिलं वाक्य मी बोललो." मग वहीतले चौदा आकडे वाचले, तारखेसह. आवाज कापेल असं वाटलं होतं, कापला नाही. ते बरं की वाईट, कळत नाही.

कुणी ओरडलं नाही. मागे कुणीतरी "थू" म्हणालं, ते ऐकू आलं. पाच-सहा माणसं उठून गेली. त्यांनी हातातल्या पुस्तिका खुर्चीवर ठेवल्या.

शिंपीण उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्याकडे चहा प्यायलात तुम्ही त्या दिवशी." एवढंच. मी "हो" म्हटलं. मग ती तिसऱ्या रांगेत गेली, रिकाम्या खुर्च्यांपाशी थांबली.

"गार्डमामा, मी तुम्हाला बघून रस्ता बदलायचे."

"माहीत आहे," दादा म्हणाले. "निळी छत्री होती तुझी. लांबून दिसायची."

ती तोंडाला हात लावून त्यांच्या शेजारी बसली. आणखी एक म्हातारा येऊन पलीकडच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, संध्याकाळी घरी या. दादा म्हणाले, "आज नको. मला जरा वेळ लागेल." तो म्हातारा तरीही बसूनच राहिला.

मी व्यासपीठावरून उतरून तिकीटखिडकीच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिथे कुणी येणार नाही असं वाटलं. दादा आले.

"भाऊजी."

मी बघितलं त्यांच्याकडे. तयारी केली होती मी. शिवीची, थपडीची. खरं सांगायचं तर क्षमेचीही.

त्यांनी पुस्तिका उघडून बोट ठेवलं. "सहावा दिवस. इथे दोनशे चाळीस छापलंय. दोनशे चार होते."

मी वही काढून पाहिली. दोनशे चारच. उतरवताना माझ्याकडून आकडे उलटे पडले होते.

"चुकलं माझं."

"सोळा तारीख होती. पाऊस नव्हता, काही नव्हतं, रोजच्याएवढीच माणसं होती," ते म्हणाले. "जास्त सांगितलं तरी ते खोटंच."

मी पेन काढलं आणि त्यांच्या प्रतीवर दुरुस्त केलं. शेजारी सही करू का, विचारलं. म्हणाले, "करा." केली. त्यांनी नीट वाचून पाहिलं, पुस्तिका कोटाच्या खिशात ठेवली आणि गेले.

मग मी गठ्ठे उघडले. तीनशे प्रती छापल्यात. टेबल ओढून घेतलं आणि एकेक पान काढून दोनशे चाळीस खोडून दोनशे चार लिहायला बसलो, शेजारी सही. बाहेर खुर्च्या उचलण्याचा आवाज येत होता. बाईंनी एकदा डोकावून बघितलं. बसायला चांगली खुर्ची पाठवून दिली.

पाच वाजता ही आली. पिशवी खांद्याला होती.

"बस आहे आमची. मी दादाकडे जातेय. परत कधी येईन ते अजून मला माहीत नाही."

"बरं."

ती टेबलाशी आली. समोरची दुरुस्त केलेली प्रत उचलून आकडा बघितला. मग एक दुरुस्तीची राहिलेली प्रत उचलली, पान काढून माझ्यापुढे ठेवलं, आणि गेली.

एकशे बारा झाल्यात. रखवालदाराने किल्ली मागितली म्हणून उठलो. उरलेल्यांसाठी सकाळी आठला दार उघडतो म्हणालाय.